पोस्टमनच्या घरचे टपाल

छत्तीस वर्षे मी पोस्टमन होतो. १९८३ साली खात्यात लागलो आणि २०१९ साली निवृत्त झालो. त्यातली बरीचशी वर्षे घाटकोपर पूर्वेच्या बीटवर गेली. पंतनगर, कामराज नगर, रमाबाई आंबेडकर नगर या भागातल्या गल्ल्या मला पाठ होत्या. कित्येक घरांना नंबर नसत, असलेच तर दोन घरांना मिळून एक असे. पण पाकिटावर 'पाण्याच्या टाकीमागे, शिलाईवाल्या मावशींच्या शेजारी' एवढे लिहिलेले असले तरी ते पत्र मी बरोबर दारात नेऊन देत असे. विशेषतः कॉल लेटर. 'भारत सरकार सेवार्थ' छापलेले लांबट खाकी पाकीट हातात आले की आत काय असणार हे मला न उघडताच कळायचे. घराला कुलूप असले तर शेजारी न देता मी संध्याकाळी पुन्हा फेरी मारायचो. त्या पाकिटाने एखाद्या घराचे दिवस पालटतात हे मी डोळ्यांनी पाहिले होते.

अशा या पोस्टमनच्या स्वतःच्या घरचे एक कॉल लेटर चुकले. ते कसे चुकले आणि पुढे आम्ही काय केले, ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत आज हे असेच चालू आहे, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितो.

माझी धाकटी लेक बी.कॉम. झालेली. अंधेरीला एका खाजगी कचेरीत कामाला जाते. मुलुंडहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, असा तिचा रोजचा रस्ता. नोकरी करता करता तिने एका सरकारी भरतीचा अर्ज भरला होता. अर्ज भरायला तिच्याबरोबर मीच गेलो होतो. आमच्या जुन्या घराजवळ फॉर्म भरून देणारे एक दुकान होते. दुकानदाराने फोटो, सही, दाखले सगळे स्कॅन करून चढवले. मध्येच त्याने विचारले, "काका, ई-मेल आयडी काय टाकू?" लेकीचा कॉलेजातला एक आयडी होता, पण त्याचा पासवर्ड तिला आठवत नव्हता. ती म्हणाली, "पप्पा, थांबा, मी काढते शोधून." मागे रांग होती. मी घाई केली. दुकानदाराला म्हणालो, "भाऊ, ते मेल-बिल तुम्हीच टाका काहीतरी." त्याने दोन मिनिटांत नवा आयडी तयार केला, पासवर्ड एका वहीत लिहिला आणि अर्ज पाठवला. मी दीडशे रुपये दिले, छापील पावती घेतली आणि मोठे काम उरकल्याच्या आनंदात आम्ही घरी आलो.

लेखी परीक्षा झाली. निकालात तिचे नाव लागले. कागदपत्र पडताळणीची तारीख नंतर कळवण्यात येईल, असे लिहून आले होते. मधल्या काळात आमचे घर हलले. रमाबाई आंबेडकर नगर आणि कामराज नगरचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करीत आहेत, हे वाचकांना ठाऊकच आहे. आम्हीही आमचे खोके आवरले आणि मुलुंड पूर्वेला भाड्याने राहायला आलो. चाळीस वर्षांचा शेजार कुणी विक्रोळीला, कुणी कांजूरला, कुणी थेट दिव्याला गेला. लेकीच्या अर्जावर जो कायमचा पत्ता लिहिला होता त्या जागी आता भिंतसुद्धा उभी नाही. अर्जावरचा मोबाईल नंबर तिच्या जुन्या सिमचा होता. रिचार्ज न केल्यामुळे तो केव्हाच बंद झाला होता.

एके दिवशी लोकलच्या महिला डब्यात तिला परीक्षेच्या वेळची एक मैत्रीण भेटली. "मंगळवारी तू दिसली नाहीस गं पडताळणीला?" असे तिने सहज विचारले. तो दिवस शुक्रवार होता.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे त्या कचेरीत अर्ज घेऊन गेलो. तिथल्या बाबूंनी शांतपणे सांगितले की मुदत संपली, मेल पाठवला होता. त्यांनी संगणकावर दाखवलेही. तारीख, वेळ, लेकीचे नाव, सगळे बरोबर. पत्र गेले होते, पोहोचलेही होते. फक्त ज्या पेटीत पडले त्या पेटीची किल्ली आमच्याकडे नव्हती.

परत येताना लेक काही बोलली नाही. घरी आल्यावर तिने आईला एवढेच सांगितले की नाही झाले. आमच्या सौभाग्यवती मात्र बोलल्या. "अहो, जन्मभर लोकांच्या पोरांची पत्रं दारोदार नेऊन दिलीत. स्वतःच्या पोरीचं पत्र दुकानदाराच्या घरी पाठवलंत." यावर मी काय उत्तर देणार?

त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. आम्ही त्याला शोधत गेलो. त्याचे दुकानही दुसरीकडे हलले होते. बिचाऱ्याने वही काढून दिली. वहीत पानेच्या पाने भरलेली होती: नाव, आयडी, पासवर्ड. शेकडो मुलामुलींची टपालपेटी त्या शंभरपानी वहीत होती. पासवर्डही सगळे एकाच छापाचे, पहिले नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आम्ही तो आयडी उघडला तेव्हा ते पत्र तिथेच होते, न वाचलेले, ठळक अक्षरांत. लेकीने ते एकदा पूर्ण वाचले आणि मोबाईल मला परत दिला.

पुढच्या रविवारी मी विहारातल्या अभ्यासिकेत गेलो. घाटकोपरची वस्ती विखुरली तरी रविवारी आमची माणसे अजून तिथे जमतात. तिथे एक मुलगा लहान मुलांना संगणक शिकवतो. ऐरोलीला एका कंपनीत कामाला आहे. "जय भीम काका, काय म्हणता?" म्हणाला. मी सारे सांगितले आणि विचारले, "मला एवढेच सांग, लेकीच्या मोबाईलवर मेलचे कोणते ॲप टाकू? सगळ्यात चांगले कोणते?"

तो म्हणाला, "काका, ॲप नंतर. आधी पत्ता कुणाचा ते ठरवा."

तासभर तो बोलत होता आणि मी माझ्या पोस्टाच्या भाषेत समजून घेत होतो. ई-मेलमध्ये तीन निरनिराळ्या वस्तू असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. पहिला पत्ता. दुसरे पोस्ट ऑफिस, म्हणजे ज्या कंपनीच्या संगणकावर आपले टपाल येऊन पडते ते. आणि तिसरे ॲप. ॲप म्हणजे आपल्या बीटचा पोस्टमन. तो पोस्टातून टपाल उचलून आपल्या हातात आणून देतो, एवढेच त्याचे काम. पोस्टमन बदलला म्हणून पत्ता बदलत नाही. पोस्टात एखादे पत्र चुकीच्या खणात गेले तर तोही काही करू शकत नाही. हे मला फार पटले, कारण छाटणीच्या टेबलावर पत्र चुकीच्या खणात पडले की बीटवरच्या माणसाला फुकट शिव्या खाव्या लागतात, हे मी भोगले आहे.

पत्त्याच्या मधले ते गोल 'ॲट'चे चिन्हही मला त्या दिवशी नीट कळले. १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ते वापरायला सुरुवात केली. अलीकडे माणसाचे नाव, पलीकडे यंत्राचे नाव. आपल्याकडच्या पिनकोडची मला आठवण झाली. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ होते. पोस्टातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे जाणकार. रमाबाई नगरच्या पत्रांवर ४०० ०७५ लिहिलेले असले की अर्धे काम झाले, असे आम्ही म्हणायचो. आता ४०० ०८१ ची सवय लावून घेतो आहे. लेकीचा मेलचा पत्ता मात्र घर हलले म्हणून बदलायचा नाही. संक्रमणाच्या खोलीत राहा, भाड्याने राहा, उद्या नव्या इमारतीत जा, तो बरोबर येणार. आमच्यासारख्या सारख्या घर हलवणाऱ्या माणसांना याचे मोल जास्त आहे.

म्हणून पहिले काम हे केले की लेकीने स्वतःच्या हाताने नवा पत्ता काढला. दुकानदाराची वही नाही, बापाची घाई नाही. पासवर्ड विसरल्यास खूण पटवण्यासाठी जो मोबाईल नंबर द्यावा लागतो तो तिचा चालू नंबर. त्याखाली दुसरा पत्ता म्हणून आईचा. मला विचारलेदेखील नाही, आणि ते योग्यच झाले.

पत्ता मराठीत करता येईल का, असे मी विचारले. जीमेलने २०१४ साली देवनागरीसारख्या लिपीतल्या पत्त्यांशी पत्रव्यवहार करण्याची सोय केली आहे, आणि '.भारत' हे नावही त्याच वर्षी चालू झाले. पण मुलगा म्हणाला, "काका, हौस असेल तर तुमच्यासाठी करू. ताईच्या अर्जाला नको. बहुतेक अर्जांची पाने मराठी पत्ता चुकीचा म्हणून परत पाठवतात." आपल्या भाषेत पत्ता लिहिला तर पत्र परत येते! माझ्या काळात लोक मोडी वळणाचा पत्ता घालून पाकिटे टाकायचे, तीसुद्धा आम्ही पोहोचवली आहेत. असो.

आता ॲपविषयी. आमच्या घरात त्याच्यावर दोन-तीन रविवार वाद झाला.

बोरिवलीचे माझे मेहुणे जुने संगणकवाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्यानंतर दोन-चार वर्षांत तासाला पैसे मोजून सायबर कॅफेत जाऊन बसणाऱ्यांपैकी ते एक. त्यांचा पहिला पत्ता हॉटमेलचा. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ ला ते काढले आणि पुढच्याच वर्षाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टला विकले. दुसरा पत्ता मुंबईतल्याच रेडिफचा. त्या काळी पेटीत जागा इतकी थोडी असे की जुनी पत्रे पुसल्याशिवाय नवी येत नसत. म्हणून १ एप्रिल २००४ ला जीमेलने फुकटात एक जीबी जागा देऊ केली तेव्हा पुष्कळांना ते एप्रिल फूल वाटले होते. मेहुण्यांचे म्हणणे, जीमेलचे ॲप मोबाईलबरोबर आलेलेच आहे, तेच वापरा, उगाच खटाटोप कशाला?

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. लेकीचा मोबाईल चार वर्षांचा जुना, जागा थोडी. जे आधीच बसवलेले आहे त्याला वेगळी जागा लागत नाही. शिवाय त्या एकाच ॲपमध्ये याहू किंवा आऊटलुकचे पत्तेही जोडता येतात. मोबाईलची भाषा मराठी ठेवली तर ॲपही मराठीत बोलते. पण मुलाने आम्हाला त्यातल्या खाचाखोचा दाखवल्या तेव्हा मी चरकलो. २०१३ सालापासून जीमेल आलेले टपाल आपल्या मनाने खणांत वाटते. मुख्य वेगळे, जाहिराती वेगळ्या, फेसबुक वगैरेंचे वेगळे. आणि सगळ्याच खणांतल्या पत्रांची घंटी वाजेल याचा भरवसा नाही. एखादे महत्त्वाचे पत्र जाहिरातींच्या खणात पडले तर ते गुपचूप तिथेच बसते. त्याहून पलीकडे स्पॅमचा खण. तिथे पडलेले पत्र तीस दिवसांनी आपोआप पुसले जाते. आमच्याकडे पत्ता न सापडलेले पत्रसुद्धा असे महिन्याभरात जाळत नसत.

मी म्हणालो, "मग दुसरे ॲप टाकू, म्हणजे स्पॅमची भानगड नको." मुलगा हसला. "काका, आत्ताच काय शिकलो? ते काम पोस्ट ऑफिस करतं, पोस्टमन नाही. कोणतंही ॲप टाका, जीमेलच्या पत्त्यावरचं स्पॅम जीमेलच ठरवणार." मग उपाय? आठवड्यातून दोनदा स्वतः जाऊन तो खण उघडून बघायचा. आणि ज्या खात्याचे पत्र अपेक्षित आहे त्यांचा पत्ता आपल्या संपर्कांत नोंदवून ठेवायचा, म्हणजे ते पत्र तिकडे जाण्याची शक्यता कमी होते. खणांची वाटणीच नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करता येते. लेकीने तत्काळ बंद केली. आता सगळे टपाल एकाच पेटीत, एकाखाली एक येते. जाहिरातींचा कचराही येतो, पण तो ती स्वतः काढते.

आऊटलुकही आम्ही लावून पाहिले. लेकीच्या कचेरीत तेच वापरतात म्हणून तिला सवय होती. दिसायला टापटीप, कॅलेंडर जोडलेले. पण तेही टपालाचे दोन भाग पाडते, महत्त्वाचे आणि इतर. आणि जीमेलचा पत्ता त्याला जोडला तर आपले टपाल आधी मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवर जाऊन मग आपल्याकडे येते. यात काही गुन्हा नाही. पण पत्रे दोन पोस्टांतून फिरवायची तर काहीतरी कारण हवे. लेकीलाही कचेरीचे आणि घरचे टपाल एका पिशवीत नकोच होते. "रविवारी घरचा मेल बघायला ॲप उघडलं की साहेबांचे मेल दिसतात, पप्पा." एवढ्यावर आऊटलुक बाद झाले.

प्रोटॉन मेल नावाचे एक आहे. २०१४ साली स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी काढलेले. दोन्हीकडचे पत्ते प्रोटॉनचे असले तर मधल्या कुणालाच, खुद्द त्यांनाही, पत्र वाचता येत नाही. लाखेची मोहर केलेले पाकीट म्हणा ना. मला ते फार आवडले, पण समोरची सरकारी कचेरी प्रोटॉनवर थोडीच आहे? आपल्याकडे चेन्नईच्या झोहोचेही मेल आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला पत्ता झोहोवर नेल्याचे जाहीर केले, तेव्हापासून त्याची चर्चा वाढली. मेहुणे म्हणाले, आता तेच घ्या. लेक म्हणाली, "मामा, माझे चार अर्ज या नव्या पत्त्यावर भरून झालेत. आता पत्ता नाही बदलणार." ती असे ठामपणे बोलली की मेहुण्यांनी चहाचा कप उचलला.

मला स्वतःला पसंत पडले ते थंडरबर्ड. आधी के-नाईन मेल नावाचे एक जुने ॲप होते. २०२२ साली ते थंडरबर्डवाल्यांकडे आले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइड मोबाईलसाठी थंडरबर्ड या नावाने नव्याने निघाले. लोकांच्या देणगीवर चालते, जाहिराती नाहीत. त्याची रचना कशी आहे ते कुणालाही उघडून तपासता येते. खणबिण पाडत नाही. पोस्टाने जे दिले ते आल्या क्रमाने पुढे ठेवते. माझ्या मोबाईलवर मी तेच लावले आहे. अक्षर मोठे करून ठेवले आहे. पण लेकीने ते दोन दिवस वापरून काढून टाकले. तिचे कारण मला पटले नाही, पण सांगतो. ती म्हणाली, "ते फार साधं आहे."

टपाल पोस्टातून उचलण्याच्याही दोन रीती असतात. जुन्या रीतीत, म्हणजे पॉपमध्ये, ॲप पत्रे घरी घेऊन येते आणि बहुधा पोस्टातली प्रत उरत नाही. मोबाईल हरवला की पत्रेही गेली. दुसरी रीत आयमॅपची. ती १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी काढली. तिच्यात पत्र पोस्टातच राहते आणि आपण खिडकीतून वाचून येतो, कोणत्याही मोबाईलवरून वाचा. लोकलमध्ये मोबाईल चोरीला जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून आम्ही दुसरी रीत ठेवली. हल्लीची बहुतेक ॲपे मुकाट्याने तसेच करतात, पण विचारून घेतलेले बरे.

हे सर्व झाले तरी एका चुकीने पुन्हा घात झाला असता. ॲप बसवल्यावर मी माझ्या मोबाईलवरून लेकीला चाचणीचे पत्र पाठवले. तिच्या मोबाईलची घंटी वाजली नाही. तासाभराने तिने स्वतः ॲप उघडले तेव्हा पत्र दिसले. मुलाने पाहिले आणि म्हणाला की बॅटरी वाचवण्यासाठी मोबाईलच ॲपला झोपवून ठेवतो. काही कंपन्यांचे मोबाईल हे फार करतात. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या नावापुढे बॅटरीचा पर्याय असतो. तिथे 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडावे लागते. आणि घंटीच्या जागी 'हाय प्रायॉरिटी ओन्ली' असले तर ते बदलून 'ऑल' करावे लागते. चांगला पोस्टमन नेमला आणि त्याला दिवसभर झोपायला सांगितले, तसा प्रकार! माझ्या मते ॲपची निवड करण्यापेक्षा या दोन गोष्टी तपासणे जास्त महत्त्वाचे आहे. ज्यांच्या घरी कुणी परीक्षेच्या पत्राची वाट पाहत आहे त्यांनी आजच पाहून घ्यावे.

आणखी एक गंमत सांगतो, गंमत कसली, धोकाच. लेकीच्या आईचा पत्ताही गुगलचाच. तिच्यावर पाठवलेले पत्र परत आले, कारण पेटी भरली होती. मला खरे वाटेना. तिला महिन्यातून चार मेल येत नाहीत आणि जागा पंधरा जीबी! मुलाने हिशेब काढून दाखवला. ही पंधरा जीबी एकट्या मेलची नाही. फोटो, ड्राईव्ह आणि मेल मिळून आहे, आणि २०२४ सालापासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा राखीव साठाही त्यातच मोजला जातो. आमच्या मंडळींच्या व्हॉट्सॲपवर रोज पहाटे पन्नास जण फुलांची चित्रे पाठवतात. जयंतीच्या मिरवणुकीचे, लग्नांचे, नातवाच्या रांगण्याचे व्हिडिओ आहेत. हे सगळे पेटीत कोंबले गेले आणि पत्राला जागा उरली नाही. त्या दुपारी आमच्या सौ. आणि तो मुलगा शेजारी बसून चित्रे पुसत होते. नातवाचे एकही पुसू दिले नाही.

तिथेच मुलाने तिला हेही सांगितले की 'तुमची निवड झाली, नोंदणीचे पैसे भरा' असे पत्र आले तर कोणतेही ॲप असो, पैसे भरायचे नाहीत, ओटीपी सांगायचा नाही. फसलोच तर १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. पूर्वी लॉटरी लागल्याची पोस्टकार्डे येत, त्यातलाच प्रकार. तेव्हा निदान शाईवरून आणि शिक्क्यावरून मला ओळखता येत असे. आता पाठवणाऱ्याचे नाव ठीक दिसले तरी त्यावर बोट ठेवून खालचा पूर्ण पत्ता वाचावा लागतो. दुकानातून नवे ॲप घेतानाही तेच. नाव आणि चित्र सारखे असते, खाली बनवणाऱ्याचे नाव वाचायचे. कारण ॲपला पासवर्ड दिला म्हणजे आपल्या सगळ्या टपालाची किल्ली दिली.

शेवटी आमच्या घरात असे ठरले. लेक जीमेलचेच ॲप वापरते, पण खण बंद करून, घंटी पूर्ण चालू ठेवून. मी थंडरबर्ड वापरतो. मेहुणे अजून रेडिफचा पासवर्ड शोधत आहेत. जुन्या दुकानदाराकडे मी पुन्हा एकदा गेलो आणि लेकीचे वहीतले पान मागून घेतले. त्याच पानावर आणखी अकरा मुलांची नावे होती. त्यातली चार घरे माझ्या बीटवरची निघाली, पण ती आता कुठे राहायला गेली ते कुणाला नक्की माहीत नव्हते. दोघांचा पत्ता शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत काढला. एक कळव्याला, एक गोवंडीला. जाऊन त्यांना सांगून आलो की बाबांनो, आपापला पत्ता आपल्या हातात घ्या. एका मुलाने माझ्यासमोर उघडून पाहिला तेव्हा त्यात दोन पत्रे न वाचलेली होती. त्यांची तारीख अजून गेलेली नव्हती. उरलेल्या दोघांचा शोध चालू आहे.

गेल्या महिन्यात दुसरी एक जाहिरात निघाली. लेक अभ्यासिकेतल्या संगणकावर अर्ज भरायला बसली. मी सवयीने मागे जाऊन उभा राहिलो. नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता. कायमच्या पत्त्याच्या रकान्याशी ती थोडी थांबली, मग तिने जुन्याच घराचा लिहिला. पुढे ई-मेलचा रकाना आला.

"पप्पा," ती मागे न बघता म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर बसा."

मी बाहेर जाऊन बसलो.